लाटांचा अंदाज आणि मावशीचं भात

दर मंगळवारी संध्याकाळी फोनवर माझ्या मैत्रिणीचा आवाज येतो. "शनिवार सकाळ. लाट गुडघ्याच्या वर, कंबरेच्या खाली. वारा जमिनीकडून, हलका. भरती दहाच्या सुमाराला. अकरानंतर वारा फिरेल, मग मजा नाही. नवख्यांसाठी उत्तम." एवढंच सांगून ती थांबते. ती कोकणात एका लहान किनाऱ्यावर चार खोल्या भाड्याने देते आणि लोकांना फळीवर उभं राहून लाटेवरून घसरायला शिकवते. तिथला तळ वाळूचा आहे, खडक नाही. लाट वाळूवर येऊन हळू फुटते, माणूस पडला तर फार तर नाकातोंडात पाणी जातं. म्हणून तिथे माझ्यासारख्यांची सोय होते.

माझ्यासारख्या म्हणजे कशा, तेही सांगते. वय त्रेचाळीस. राहायला मंचर, नोकरी घोडेगावच्या एका सरकारी कचेरीत, बारनिशीच्या टेबलावर. आलेलं टपाल उघडायचं, शिक्का मारायचा, नोंदवायचं, ज्याचं त्याला पाठवायचं. गुडघा कुरकुरतो. लहानपणी निरगुडसरच्या विहिरीत कमरेला दोर बांधून पोहायला शिकले होते, तेवढीच काय ती शिदोरी. विहिरीला लाट नसते हे मला समुद्राने पहिल्याच दिवशी नीट समजावलं.

तरीही नाद लागला. तीन वर्षांपूर्वी पहिल्यांदा फळीवर तीन सेकंद उभी राहिले आणि किनाऱ्यावर येऊन रडले. मैत्रिणीला वाटलं, लागलं कुठेतरी. तेव्हापासून महिन्या-दोन महिन्यांनी एखादा शनिवार मी तिकडे पळते. नवऱ्याला पाण्याचं वावडं आहे, तो घरी राहतो आणि कोणी विचारलं तर मैत्रिणीकडे गेलीय म्हणतो. ते खोटं नाही. पण कचेरीत किंवा नातेवाइकांत मी या खेळाचं कधी बोलले नाही. बाई या वयात समुद्रात फळीवर उभी राहते, हे सांगून चार महिने लोकांना विषय पुरवायची माझी तयारी नव्हती.

या नादामुळे मी हवामान वाचायला शिकले. वारा कुठून, किती, दोन लाटांमध्ये किती सेकंद, ढग कुठल्या उंचीवर. लाटा जवळजवळ येत असल्या तर पाणी नुसतं खवळलेलं असतं. तेरा-चौदा सेकंदांनी एक अशा शांतपणे येत असल्या, तर त्या फार लांबून आलेल्या असतात. लांब कुठेतरी समुद्रात वादळ उठलेलं असतं आणि त्याची ओळ इथवर पोचते. नवख्याला अशी लाट मिळाली तर नशीबच.

आणि या वाचण्यामुळेच मी तळेघरच्या वरच्या एका वाडीची हवामान सांगणारी झाले.

त्या वाडीत माझी मावशी राहते. माझी आई गेल्यापासून माहेर म्हणावं असं तेच एक घर आहे. मावशी एकटी, वय सत्तरीच्या पुढे, डोंगरउताराला भाताची चार खाचरं आणि वर थोडी नाचणी. त्या भागात अजून पडकई आहे. म्हणजे आज सगळ्यांनी मिळून तुझं शेत कापायचं, उद्या माझं, परवा त्याचं. मजुरी नाही, हिशोब नाही, फक्त ज्याच्या त्याच्या घरचे विळे ठरलेले. मावशीच्या घरचे दोन विळे मोजले जातात, एक तिचा आणि एक माझा. कापणी सुट्टीच्या दिवशी आली तर मी जायचंच. नोकरीच्या दिवशी आली तर मला माफ असतं, कोणी त्याबद्दल अवाक्षर काढत नाही.

मावशीच्या घरात फोनला रेंज नाही. घरामागे चढावर एक सपाट दगड आहे, त्यावर उभं राहिलं की दोन काड्या येतात. दोन वर्षांपूर्वी सहज बोलता बोलता मी तिला म्हणाले होते, बुधवारी पाऊस दिसतोय, भात बाहेर ठेवू नकोस. तिने वाडीला सांगितलं, सगळ्यांनी भारे आत घेतले आणि बुधवारी दुपारी खरंच आला. तेव्हापासून कापणीच्या आधी ती त्या दगडावर चढते आणि मला विचारते. पडकईची पाळी ज्यांच्या शब्दाने ठरते ते वाडीतले थोरले भाऊसुद्धा म्हणायला लागले, पोरीला इचारून घ्या. मला याचा फार अभिमान होता. कचेरीत माझं कोण ऐकतं?

आता त्या मंगळवारचं सांगते. गेल्या वर्षीचा, दिवाळीनंतरचा.

आधी मैत्रिणीचा निरोप आला. नेहमीपेक्षा लांब होता. "या शनिवारी काहीही करून ये. कंबरेएवढी लाट, चौदा सेकंदांनी एक, अगदी मऊ. दूर समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झालाय, त्याची ही लाट. इकडे आभाळ मोकळंच राहील. अशी सकाळ वर्षातून एकदा मिळते." मी तो निरोप तीनदा ऐकला. मग त्या किनाऱ्याचं पान उघडून पाहिलं. बुधवारपासून रविवारपर्यंत सूर्याची पिवळी चित्रं ओळीने.

तासाभरात मावशीचा फोन आला. रविवारी कापायचं ठरतंय, म्हणाली. तू असशील म्हणून रविवार धरलाय. शनिवारी संध्याकाळीच ये, जेवायला. आभाळाचं काय म्हणतंय ते बघून सांग.

शनिवारी संध्याकाळी तळेघरला पोचायचं तर सकाळचा समुद्र सोडावा लागणार होता. येत नाही म्हणावं तर कारण द्यावं लागणार होतं, आणि माझ्याकडे सांगण्यासारखं कारण नव्हतं. हे सगळं माझ्या डोक्यात किती भरभर झालं, याची मला अजून लाज वाटते. हातात फोन होता. त्यावर किनाऱ्याचं पान उघडंच होतं. गावाचं नाव बदलून तळेघरचं आभाळ बघायला दोन बोटांचं काम होतं. मी ते केलं नाही. मी म्हणाले, "रविवारपर्यंत कशाला थांबता, गुरुवारीच कापून घ्या. सगळा आठवडा ऊन आहे."

गुरुवारी मला कचेरी होती, म्हणजे माझा विळा माफ होता.

मावशी म्हणाली, "बरणीतल्या मिठाला पाणी सुटलंय गं कालपासून."

मी म्हणाले, "फोनवर चार दिवस ऊन दाखवतंय, मावशी." दाखवत होतंच. कुठलं ऊन, ते मी सांगितलं नाही.

ती म्हणाली बरं, भाऊंना सांगते. कापून तीन दिवस वाळलं की रविवारी भारे बांधायला तरी ये. मी हो म्हणाले आणि फोन ठेवल्याबरोबर मैत्रिणीला कळवलं की येतेय.

गुरुवारी वाडीने मावशीचं भात कापलं. पाळीत तिचं शेत पहिलं होतं, बाकीच्यांचं उभंच होतं. कापलेलं भात तिथे लगेच उचलत नाहीत. खाचरातच मूठ मूठ आडवं पसरून दोन-तीन दिवस उन्हात ठेवतात, मग भारे बांधून खळ्यावर नेतात. तेवढे दोन-तीन दिवस वर्षाचं धान्य उघड्यावर पडलेलं असतं, आणि त्यासाठीच मावशी त्या दगडावर चढून मला विचारत होती.

शनिवारी सकाळी सातला मी किनाऱ्यावर उभी होते. मैत्रीण म्हणाली होती तसंच सगळं. वारा नावाला, पाणी गुळगुळीत, लाट लांबून एका रेषेत येत होती. फळीला दोर बांधत असताना मैत्रिणीने पूर्वेकडे हात केला. सह्याद्रीच्या माथ्यावर ढगांची काळी कड दिसत होती. "आज दुपारनंतर घाटावर कोसळणार," ती म्हणाली. "तो पट्टा सगळी ओल तिकडे ढकलतोय. आपण मात्र कोरडे."

पिशवीत फोन होता. साडेसात वाजले होते. भाऊंचा मुलगा रोज सकाळी दूध घालायला तळेघरला उतरतो, त्याचा नंबर माझ्याकडे आहे, आणि आठपर्यंत तो रेंजमध्ये असतो. त्याला एक फोन केला असता तर वाडीने हातोहात बारापर्यंत सगळं भात उचललं असतं. फक्त मला म्हणावं लागलं असतं की मी चुकले. मग कशी चुकले, ते आलं असतं. आणि मागून समुद्राचा आवाज आला असता.

मी मनाशी म्हटलं, एक तास. पाऊस दुपारनंतर आहे. एक तासाने करते.

त्या सकाळी मी आयुष्यातली सगळ्यांत लांब लाट पकडली. उभी राहिले आणि पडलेच नाही. वाळू लागेपर्यंत गेले. मैत्रीण काठावरून टाळ्या वाजवत होती. मग आणखी एक घेतली, मग म्हटलं ही शेवटची, आणि तिच्यानंतर पुन्हा एक शेवटची. प्रत्येक वेळी आत जाताना पूर्वेकडे पाठ असायची, याची सोय वाटायची. बाहेर आले तेव्हा साडेअकरा झाले होते.

फोन लावला. भाऊंचा मुलगा संपर्क क्षेत्राच्या बाहेर होता. मावशीचाही फोन लागत नव्हता. मी ओल्या कपड्यांनी वाळूत बसून वीसेक वेळा लावला. मैत्रिणीने पोहे आणून दिले, ते तसेच राहिले. तीनच्या सुमाराला गाडी घेऊन घाट चढत होते, तेव्हा पाऊस काचेवर आला. वायपर पुरेनात, म्हणून कडेला गाडी लावून बसून राहिले. तिथून तळेघर अजून चार-पाच तासांवर, पण आभाळ एकच काळं होतं.

रविवारी सकाळी वाडीत पोचले, तर सगळे मावशीच्या खाचरात होते. खाचरांत घोट्याएवढं पाणी साचलं होतं आणि त्यात भात तरंगत होतं. बायका मुठी उचलून झटकून बांधावर टाकत होत्या. ओल्या लोंब्या हाताला जड लागत होत्या. मावशी लुगडं खोचून सगळ्यांत खालच्या खाचरात उभी होती. मी पाण्यात उतरले.

भाऊ बांधावर बसले होते. ते चिडलेले होते आणि मला बघून बोलणारच होते. तेवढ्यात मावशी पाठ न वळवता म्हणाली, "तिला काय बोलू नका. तिनं सांगितलं व्हतं मला, शनवारी पाऊस हाय म्हणून. मीच म्हातारीनं घाई केली. तुमाला सांगितलं न्हाई."

भाऊंनी मग मावशीला झापलं. वय झालं तुमचं, पोरीचं ऐकायचं न्हाई तर इचारता कशाला, सगळ्या वाडीचं एक दिसाचं काम पाण्यात घातलं. मावशी ऐकून घेत होती. बाकीच्या बायकाही काहीबाही बोलल्या. मी तिथे उभी होते, हातात ओली मूठ धरून, आणि मी तोंड उघडलं नाही. त्या आठवड्यात केलेल्या सगळ्यात हे मला सर्वांत जास्त टोचतं. लाटांसाठी खोटं बोलले ते स्वार्थाने, पण तेव्हा गप्प बसले ती निव्वळ भित्री म्हणून.

दुपारी घरात मावशीने माझ्याकडे नीट पाहिलं. उन्हाने माझं नाक सोललं होतं. तिने शिंक्यातलं लोणी काढून बोटाने माझ्या नाकाला लावलं. मग चुलीवर तवा ठेवून भाकऱ्या करायला बसली.

तीन-चार दिवसांत लोंब्यांनाच मोड आले. मावशीने ते भात अंगणात, पडवीत, चुलीशेजारी, जमेल तिथे वाळवलं. पुढच्या वर्षाचं बी त्यातून निघणार नव्हतं, ते भाऊंनी दिलं. मी फोनवर रोज विचारायचे, आता कसं आहे, आणि ती रोज म्हणायची, बरं हाय.

दरवर्षी संक्रांतीला ती मला नव्या तांदळाचं एक गाठोडं पाठवते. मला वाटलं होतं, या वर्षी येणार नाही, आणि मनातल्या मनात मी त्या शिक्षेची तयारीही केली होती. पण गाठोडं आलं. तांदूळ पांढरा, अख्खा, एक दाणा तुटका नाही. मी भात शिजवला, वास नेहमीसारखाच. मला इतकं हायसं वाटलं की मी नवऱ्याला म्हणाले, फार काही बिघडलं नव्हतं बघ. तो उठून हात धुवायला गेला. त्याला सगळं माहीत होतं.

पुढच्या रविवारी मी न कळवता वाडीला गेले. मावशी जेवायला बसली होती. ताटात कण्या होत्या, तांबूस, आंबूस वासाच्या. पडवीत सूप आणि चाळण पडली होती, आणि शेजारी पोतंभर तसाच तुटका, डागाळलेला तांदूळ. मोड आलेलं भात कांडलं की दाणा फुटतो. असल्या तांदळातून अख्खे दाणे निवडायला तिला किती दिवस लागले असतील, याचा मी विचार करून पाहिला आणि मग तिच्यासमोर खालीच बसले.

मी सगळं सांगितलं. किनारा, फळी, चौदा सेकंदांची लाट, न बदललेलं गावाचं नाव, गुरुवार कशासाठी निवडला ते, साडेसात वाजता न केलेला फोन. सांगताना मी रडले नाही, कारण रडले असते तर तिने मला जवळ घेतलं असतं आणि ते फुकटात मिळाल्यासारखं झालं असतं.

मावशी जेवत होती. घास संपवून म्हणाली, "घरात, हाफिसात बसून कुनाचं नाक जळतंय व्हय. तवाच कळलं व्हतं, कुटंतरी उन्हात व्हतीस."

मी विचारलं, मग भाऊंसमोर तसं का सांगितलंस.

"तुझा शबूद गेला असता तर पुढल्या साली तुला कोन इचारनार? वाडीला तुझा उपेग हाय. माझं काय, म्हातारीनं घाई केली, झालं." मग पाणी पिऊन तिने विचारलं, "लई मजा आली का?"

या प्रश्नाला खोटं उत्तर द्यायची मला फार इच्छा झाली. पण मी हो म्हणाले.

तिने मान हलवली. मग विचारायला लागली, पाण्यावर माणूस उभा कसा राहतो, लाट येते ती आधी कशी कळते. मी सांगत गेले. लाट कुठून येते ते सांगितलं, दूरचं वादळ, इकडे ढकललेली ओल. ती लक्ष देऊन ऐकत होती, मधेच एकदा थांबवून तिने पुन्हा सांगायला लावलं. परत निघताना मी त्या कण्यांतलं अर्धं पोतं मागितलं. तिने दिलं नाही. म्हणाली, तुला पचायचं न्हाई.

आमच्या घरात ते गाठोडं अजून आहे. मी त्यातला तांदूळ पुन्हा शिजवला नाही, आणि टाकूनही दिला नाही. त्यात आता सोंडे झालेत.

यंदा दिवाळीनंतर मंगळवारी दोन्ही फोन एकामागोमाग आले. आधी मैत्रिणीचा निरोप: लाट गुडघ्याएवढी, सहा सेकंद, वारा वाकडा, येऊ नकोस, दमशील नुसती. मग मावशीचा फोन. वाऱ्याच्या आवाजावरून कळत होतं की ती दगडावर उभी आहे. माझ्यासमोर तळेघरचं पान उघडं होतं. तासातासाचं सगळं वहीत लिहून ठेवलं होतं, एकदा नाही, तीन ठिकाणांहून पडताळून. मी वाचायला सुरुवात केली.

तिने मला थांबवलं. "ऱ्हाऊ दे ते. मीठ कोरडं हाय, मी बघितलं. तू एवढंच सांग, तिकडं लाटा कशा हायेत?"

मी म्हणाले, "काही नाहीत, मावशी. गुडघ्याएवढ्या."

"मग रविवारी कापतो," ती म्हणाली. "आन् चांगल्या असत्या तर तसं सांगायचं. आमी थांबलो असतो, तू जाऊन आली असतीस."